ताबा आणि मालकी : अंतराळवीरांच्या स्मृतिवस्तूंचा धडा

एखादी वस्तू आपल्या हाती असणे आणि आपण तिचे मालक असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद वेळीच स्पष्ट न झाल्यास कोणता प्रसंग ओढवतो, हे अमेरिकेच्या चांद्रमोहिमांमध्ये दिसून आले.

स्वाक्षरीचा विमा

अपोलो ११ च्या अंतराळवीरांना परवडेल असा पुरेसा आयुर्विमा मिळाला नव्हता. म्हणून १९६९ मध्ये उड्डाणापूर्वी त्यांनी टपाल-पाकिटांवर स्वाक्षऱ्या करून ती मागे ठेवली. आपण परतलो नाही, तर कुटुंबीयांनी ती विकावीत, हा हेतू होता. स्वाक्षरी स्वतःची आणि पाकिटे पृथ्वीवरच; त्यामुळे यात आक्षेपार्ह काही नव्हते.

३९८ पाकिटे

१९७१ मध्ये अपोलो १५ चे डेव्हिड स्कॉट, आल्फ्रेड वर्डन आणि जेम्स अर्विन यांनी ३९८ पाकिटे विनापरवाना चंद्रापर्यंत नेली. त्यांपैकी १०० पाकिटे एका जर्मन तिकीट-व्यापाऱ्याकडे गेली व प्रत्येकी सुमारे १,५०० डॉलरला विकली जाऊ लागली. प्रत्येक अंतराळवीरास सुमारे ७,००० डॉलर मिळायचे होते. मुलांच्या भवितव्यासाठी ठरवलेली ही रक्कम त्यांनी पुढे परत केली. तरीही १९७२ मध्ये नासाने त्यांच्यावर ठपका ठेवला आणि तिघांपैकी कोणीही पुन्हा अंतराळात गेले नाही. जप्त पाकिटे वर्डन यांच्या दाव्यानंतर १९८३ मध्ये परत मिळाली. पाकिटे खाजगी होती. परंतु त्यांना मोल देणारा प्रवास करदात्यांच्या पैशाने झाला होता.

उशिराचा कायदा

२०११ मध्ये अपोलो १३ चे जिम लॉवेल यांची हस्ताक्षरातील आकडेमोड असलेली पुस्तिका ३,८८,००० डॉलरहून अधिक किमतीस विकली गेली. ती मुळात त्यांच्या मालकीची होती काय, असा प्रश्न नासाने उपस्थित केला. कामासाठी सोपवलेली वस्तू काम संपताच परत करावी, असे आपला १८७२ चा भारतीय करार कायदाही सांगतो. अखेर २०१२ मध्ये अमेरिकेने कायदा करून त्या काळातील अशा वस्तूंची मालकी अंतराळवीरांना दिली. चंद्रशिला मात्र वगळल्या.

आपल्यासाठी बोध

२०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात राहून आले. गगनयानाचीही तयारी सुरू आहे. सोबत काय न्यावे, परतल्यावर ते कोणाचे आणि विकता येईल काय, याची लेखी नोंद उड्डाणापूर्वीच झालेली बरी. नफा मिळवणे गैर नव्हे. ज्याच्या खर्चाने तो मिळतो, त्याला अंधारात ठेवणे गैर.