परतीचे इंधन

चेन्नईच्या उत्तरेस समुद्रकाठी श्रीहरिकोटा हे बेट आहे. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी तेथून मंगळयानाने उड्डाण केले. या यानाचे वजन सुमारे १३३७ किलोग्रॅम होते. त्यांपैकी जवळजवळ ८५० किलोग्रॅम भार केवळ प्रणोदकाचा, म्हणजे इंधन आणि ते जाळणाऱ्या द्रव्याचा होता. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाच्या कक्षेत पोहोचले. त्याला मंगळावर उतरायचे नव्हते आणि परतही यायचे नव्हते. माणूस तेथे गेला, तर त्याला मात्र परतावे लागेल. त्या प्रवासाचे इंधन कोठून आणायचे?

एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळग्रस्त लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेण्यात आले, हे अनेकांना आठवत असेल. निदान ती गाडी वाटेत आपल्याच टाकीतले पाणी पीत नव्हती! अग्निबाणाचे तसे नाही. परतीचे इंधन वाहून नेण्यासाठी जातानाच कितीतरी अधिक इंधन जाळावे लागते. चार अंतराळवीरांना मंगळाच्या पृष्ठभागावरून वर आणण्यास सुमारे ७ टन इंधन आणि २५ टन ऑक्सिजन लागेल, असा अंदाज आहे. मोटारीला ऑक्सिजन हवेतून मिळतो. अग्निबाणाला तो बरोबर न्यावा लागतो. म्हणजे खरे ओझे ऑक्सिजनचेच.

मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीवरील हवेच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. परंतु त्या विरळ हवेत सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे आणि त्यात ऑक्सिजन दडलेला आहे. तो वेगळा करणारे 'मॉक्सी' हे लहानसे यंत्र 'पर्सिव्हिअरन्स' या बग्गीतून फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळावर उतरले. आत घेतलेली हवा दाबून आणि सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ते विजेच्या साहाय्याने ऑक्सिजन अलग करीत असे. २० एप्रिल २०२१ रोजी त्याने प्रथमच सुमारे ५.४ ग्रॅम ऑक्सिजन तयार केला. २०२३ पर्यंत ते सोळा वेळा चालवण्यात आले. एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन मिळाला. तासाला १२ ग्रॅम हा त्याचा सर्वोत्तम वेग. या वेगाने २५ टनांस सव्वादोनशेहून अधिक वर्षे लागतील! अर्थात, हे यंत्र केवळ नमुना होते.

इंधनही तेथेच करता येईल. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन यांचा निकेलच्या सान्निध्यात उष्णतेने संयोग घडवला, की मिथेन वायू व पाणी मिळते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांच्या नावाने ही क्रिया ओळखली जाते. मंगळावरील बर्फ वितळवून त्या पाण्यापासून हायड्रोजन मिळवता येईल. २००८ मध्ये 'फिनिक्स' यानाला उत्तर ध्रुवाजवळच्या मातीखाली बर्फ आढळला होता.

यंत्रे आधी आणि माणसे नंतर पाठवावीत, अशी योजना रॉबर्ट झुब्रिन आणि डेव्हिड बेकर या अभियंत्यांनी १९९० मध्ये मांडली. मंगळाकडे निघण्याची अनुकूल वेळ सुमारे २६ महिन्यांनी येते. तेवढ्या अवधीत, दुरुस्तीला कोणी नसताना, कारखाना चालला पाहिजे. त्याला अखंड वीज हवी आणि मंगळावरील धूळ तर मोठी वैरीण. २०१८ च्या धुळीच्या वादळात सूर्यप्रकाशाअभावी 'ऑपॉर्च्युनिटी' ही बग्गी कायमची मूक झाली. म्हणून या योजनेत एक अट आहे: परतीची टाकी भरल्याचा संदेश मंगळावरून आल्याखेरीज एकाही माणसाने पृथ्वी सोडायची नाही.