मतदार यादीत आपलं नाव कोणत्या गावात आहे?

ताईंनो, मतदार कार्ड पेटीत जपून ठेवलेलं असतं, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण मत कार्डावर मिळत नाही, यादीवर मिळतं. कार्ड हरवलं तर आधार कार्ड किंवा रोजगार हमीचं जॉब कार्ड दाखवून मत देता येतं. यादीत नाव नसेल तर मात्र कार्ड हातात असूनही बूथवरून परत यावं लागतं. आणि आपल्या बायकांचा घोळ असा, की नाव असतं, पण माहेरच्या गावात! रेशन कार्ड सासरचं, गटाचं खातं सासरचं, मत तेवढं माहेरी.

यानं काय बिघडतं? ग्रामपंचायतीच्या वॉर्डात मतं असतात थोडी. दोन-चार मतांनी सदस्य पडतो, कधी बरोबरी होऊन चिठ्ठी टाकावी लागते. शिवाय ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावच्या मतदार यादीतले लोक. महिला ग्रामसभेत तुम्ही पुढे बसाल, बोलालही, पण यादीत नाव नसेल तर तुमचा हात मोजायचा कसा? २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांना आहेत. त्या जागेवर उभं राहायलाही त्याच पंचायतीच्या यादीत नाव लागतं. सून हुशार असते, दहावी-बारावी झालेली असते, पण तिचं नाव यादीत नाही म्हणून अर्ज भरतात सासूबाईंचा.

दारूबंदीचं गणित तर नीट समजून घ्या. गावातलं परवान्याचं दारूदुकान बंद करायला पाव महिला मतदारांच्या सह्या लागतात. मग गुप्त मतदान होतं. तिथे आलेल्या बायकांपैकी निम्म्या पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा यादीत ४०० बायका आहेत, तर २०१ मतं हवीत. त्या ४०० मधल्या ६० जणी लग्न होऊन गेलेल्या किंवा वारलेल्या असतील, तर २०१ मतं उरलेल्या ३४० मधूनच काढायची. यादी साफ असती तर १७१ पुरली असती. गावात आलेल्या सुनांची नावं यादीत नाहीत, म्हणून त्यांची मदतही नाही. असा दोन्हीकडून मार बसतो.

आता काय करायचं ते. पहिल्यांदाच नाव घालायचं असेल तर फॉर्म ६. आधी कुठेही नाव असेल आणि ते सासरच्या गावी आणायचं असेल तर फॉर्म ८. इथं बऱ्याच जणी चुकतात. माहेरचं नाव तसंच ठेवून इकडे नवीन फॉर्म ६ भरतात. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला मान्य नाही, आणि फॉर्ममध्ये खोटं लिहिलं तर शिक्षाही आहे. फॉर्म ८ भरला की तिकडचं नाव कमी करण्याची कारवाई त्यातच होते. पत्त्यासाठी आधार किंवा बँकेचं पासबुक चालतं, पण त्यावर सासरचा पत्ता हवा. तो आधी बघा. वारलेल्या माणसाचं नाव काढायला फॉर्म ७. फॉर्म आपल्या बीएलओंकडे मिळतो. बऱ्याच गावांत अंगणवाडी ताई किंवा शाळेचे गुरुजीच बीएलओ असतात. मोबाइलवर भरता येतो, अडलं तर १९५० ला फोन लावा.

वय १८ पूर्ण होण्यासाठी आता वर्षात चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. मुलगी सतराची झाली की आगाऊ अर्ज करता येतो. फॉर्मवर स्वतःचं नाव पूर्ण लिहा. देशाच्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं म्हणून सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली होती.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांची वेगळी मतदार नोंदणी नसते. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो आणि त्या दिवशीची विधानसभेची यादी घेऊन वॉर्डवार फोडतो. २०२५ च्या निवडणुकांना १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. मग प्रारूप यादी लागते, हरकती मागवतात. पण त्या हरकतीत नवीन नाव घालून मिळत नाही. नाव चुकून दुसऱ्या वॉर्डात गेलं किंवा विधानसभेच्या यादीत असून इकडे सुटलं, एवढंच दुरुस्त होतं. प्रचाराचा भोंगा ऐकू आल्यावर धावपळ केली तर उपयोग नाही.

टपालाने मत देता येईल का, असं ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणी नेहमी विचारतात. लोकसभा-विधानसभेला टपाली मत सैनिकांना आहे, निवडणुकीच्या ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यांना आहे. ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना फॉर्म १२-डी वेळेत भरला तर घरी येऊन मत घेतात. ऊसतोड कामगाराला यातलं काहीच नाही. ग्रामपंचायतीला साध्या मतदाराने केंद्रावरच जायचं. आणि निवडणुका कधी लागतात? १५ जानेवारी २०२१, १८ डिसेंबर २०२२, दोन्ही वेळा ऐन हंगामात! आमच्या मते ही मोठी उणीव आहे आणि ग्रामसंघांनी ठराव करून ती वर कळवायला हवी.

तोवर नाव गावातच ठेवा, कारखान्याच्या गावाला हलवू नका. तारीख कळताच मुकादमाला दोन दिवसांची सुट्टी सांगून ठेवा. येण्याजाण्याचा खर्च गटातून उचल म्हणून घेता आला तर बरं. उमेदवाराच्या जीपमधून आलं की पुढची पाच वर्षं ती जीप ऐकवली जाते.

पुढच्या बैठकीला सचिव ताईंनी गावाची यादी मागवून ठेवावी. प्रत्येकीने आपलं नाव, वय आणि वॉर्ड स्वतः बोट ठेवून वाचावं. जिला वाचता येत नाही तिला शेजारणीने वाचून दाखवावं. ज्यांचं नाव सापडणार नाही त्यांचे फॉर्म त्याच बैठकीत भरून घ्या आणि दिल्याची पोच गटाच्या फाइलला लावा.