डोळे उघडे ठेवूनच शवासन

‘डोळे मिटले की पुन्हा तोच आवाज येतो, डॉक्टर. योगासनं सोडून देऊ का?’ भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरकडच्या एका वाचकाचा हा प्रश्न. सोडू नका. डोळे तेवढे उघडे ठेवा.

24 जानेवारी 2025 च्या सकाळी तिथल्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, 8 कामगार गेले. असा प्रसंग पाहिलेल्या काहींचं शरीर पुढे कितीतरी दिवस त्याच सकाळी अडकून राहतं. कुकरची शिट्टी झाली तरी धडधडतं, झोपेतून दचकून जाग येते, त्या रस्त्यानं जाववत नाही, घरच्यांवर उगाच चिडचिड होते. हे महिन्याच्या वर चाललं आणि कामधंदा बिघडू लागला, तर तो पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक ताणविकार, असू शकतो. माणूस भित्रा झाला, असं कृपा करून म्हणू नका. माझ्याकडे येणारे असे रुग्ण बसण्याआधी खुर्ची दाराकडे वळवून घेतात. निम्मं निदान मला तिथंच कळतं.

योगानं फरक पडतो, पण उपचारांच्या जोडीला. 2014 साली अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांचा 64 स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा आजार जुना, उपचारांना दाद न देणारा. दहा आठवडे, आठवड्याला एक तास योग. शेवटी योग करणाऱ्यांपैकी 52 टक्के स्त्रिया निदानाच्या निकषांत बसेनाशा झाल्या. नुसतं आरोग्यशिक्षण मिळालेल्यांत 21 टक्के. म्हणजे जवळपास निम्म्यांचा आजार योगानंतरही राहिला, हेही ध्यानात ठेवा.

आता तुमच्यापुरतं. भिंतीला पाठ, दार दिसेल अशी जागा. ताडासन, मार्जारासन पुरे. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, रोखायचा नाही. कपालभाती, भस्त्रिका सध्या नको, कारण जलद श्वासानं जी धडधड होते, तिला शरीर पुन्हा धोकाच समजतं. शिक्षकांना आधीच सांगून ठेवा की मागून येऊन हात लावू नका. शवासनात घाबरल्यासारखं झालं तर उठून बसा, तळपाय जमिनीला टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या. वर्गातून मधेच निघून आलात तरी बिघडत नाही. कधी थांबायचं हे तुम्ही ठरवायचं, आणि माझ्या मते खरा गुण यातच आहे.

गोळ्या सुरू असतील तर मनानं बंद करू नका. जीव नकोसा वाटला तर आसनं राहू द्या, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा. रात्री-बेरात्रीही चालतो, पैसे पडत नाहीत. आणि तपासणीला याल तेव्हा खुर्ची हवी तिकडे वळवून बसा.