मांडीवरचा गेटवे

छकुले, काल फोनवर रडवेली झाली होतीस, म्हणून आज निवांत लिहितेय. तुझ्या कॉम्प्युटरवर रिपोर्ट ताजा आणि साहेबांच्या मोबाइलवर परवाचेच आकडे, हेच ना दुखणं? अगं, पॉवर बीआय डेस्कटॉप चालतं तेव्हा तिथे तू असतेस. तुझं लॉगिन, तुझा झेड ड्राइव्ह. रिपोर्ट मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर चढला की पहाटे ६ च्या रिफ्रेशला ऑफिसातल्या डेटाबेसपर्यंत त्याला पोचवतो तो गेटवे. आणि तो तू टाकलास कुठे, तर स्वतःच्या लॅपटॉपवर!

मीही तेच केलं होतं गं. संध्याकाळी लॅपटॉप मिटायचा, बॅगेत घालायचा, की लोकलमध्ये माझ्या मांडीवर कंपनीचा गेटवे गाढ झोपलेला. लागोपाठ ४ वेळा रिफ्रेश फसला की वेळापत्रकच आपोआप बंद होतं. तशी मेलही आली होती. मी उघडलीच नव्हती!

तेव्हा आधी एक वेगळं मशीन माग. ६४ बिटचं विंडोज, कायम चालू, स्लीप बंद, नेटवर्क वायरचं. मायक्रोसॉफ्ट ८ कोअर आणि ८ जीबी रॅम सुचवतं. आयटीवाले म्हणतील, डोमेन कंट्रोलर चोवीस तास चालूच असतो, तिथे टाक. तिथे टाकता येत नाही, वाद घालू नकोस. गेटवेचा पर्सनल मोडही नको, तो तुझ्या एकटीपुरता असतो.

मग फायरवॉलवरून कुरकुर होईल. बाहेरच्यांसाठी दार उघडायचं म्हणजे सर्व्हर उघडा पडणार, असं त्यांना वाटतं. आमच्याकडचे नेटवर्कवाले काका तर महिनाभर ऐकेनात. त्यांना सांग, बाहेरून आत येणारा एकही पोर्ट नको. गेटवेच आतून बाहेर फोन लावतो, ४४३ वरून, आणि त्याच लाइनवर निरोप ऐकतो. सासरी गेलेली मुलगी माहेरी फोन लावते तसंच. माहेरचं कुणी न सांगता दारात येऊन उभं राहत नाही. तरी पटलं नाही तर गेटवेच्या डायग्नोस्टिक्समधली पोर्ट चाचणी त्यांच्यासमोरच चालवून दाखव.

माझे सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते नावांनी. डेस्कटॉपमध्ये सर्व्हरचा आयपी आणि गेटवेवर त्याचं नाव, असं लिहिलंस तर पॉवर बीआयला ते दोन वेगळे सर्व्हर वाटतात. दोन्हीकडे एकच लिही. एक्सेलची फाइल झेड ड्राइव्हवर असेल तर सर्व्हरच्या नावापासूनचा पूर्ण पत्ता दे, कारण गेटवे स्वतःच्या खात्यावर चालतो, तुझा झेड त्याला दिसतच नाही. डेटा सोर्समध्ये ज्या खात्याचं लॉगिन देशील, त्याला फोल्डर वाचायची परवानगी लागेल. आणि जुन्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा ३२ बिटचा ओडीबीसी ड्रायव्हर गेटवेला चालत नाही. ६४ चा मिळतो का ते आजच विचार.

साहेबांना दर तासाला आकडे हवे असतील, तर प्रो लायसन्सवर दिवसाला ८ च वेळा रिफ्रेश ठरवता येतो हे आधी सांगून टाक.

हो, आणि इन्स्टॉल करताना रिकव्हरी की विचारेल. ती मायक्रोसॉफ्टलाही परत काढून देता येत नाही. मशीन बदलायची वेळ आली तर गेटवे तिच्यावरच उभा राहतो. लिहून ऑफिसच्या तिजोरीत ठेव. आणि कृपा करून, आईच्या वाढदिवसाची तारीख ठेवू नकोस, ती माझ्या ऑफिसात आधीच वापरली आहे.