टाकीवरचा हिरवा दिवा

मी जिथं नोकरी करायचो ती कंपनी बंद पडली, पण आम्ही बनवलेले पाण्याच्या टाकीचे लेव्हल इंडिकेटर पुण्यातल्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर तसेच राहिले. ती ज्याला पातळी कळवतात तो कंपनीचा सर्व्हर थांबला असता, तर चांगली चालणारी यंत्रं भंगारात गेली असती. मालकांच्या संमतीनं आम्ही दोघा सहकाऱ्यांनी तो चालू ठेवला. पदरमोड करताना जे उमगलं, ते असं.

१. आधी डोमेन राखा. यंत्राच्या फर्मवेअरमध्ये तोच पत्ता असतो. तो गेला, तर सर्व्हर असून नसल्यासारखा.

२. खर्च यंत्रांचा नसतो, त्यांच्या बडबडीचा असतो. आमचं यंत्र दर १० सेकंदांनी पातळी कळवायचं, म्हणजे दिवसाला ८,६४० मेसेज. गच्चीवरची टाकी इतक्या घाईनं भरते का? आम्ही ५ मिनिटांवर आलो; मेसेज २८८ झाले. टाकी भरत आली किंवा तळाला गेली, तरच मध्ये कळवायचं. जुन्या नोंदीही आठवड्यानंतर पुसतो. त्या कुणी कधी उघडल्याच नव्हत्या.

३. लाइट येते तेव्हा सांभाळा. एका संध्याकाळी वॉचमनकाकांचा फोन आला, “साहेब, लाइट येऊन अर्धा तास झाला, हिरवा दिवा काही लागंना.” लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेलो. दिवा लाल, दर पाच सेकंदांनी लुकलुकणारा; म्हणजे सर्व्हरशी जोडणी नाही. अख्ख्या भागातली यंत्रं एकाच क्षणी जागी होऊन सर्व्हरवर तुटून पडली होती, आणि नाकारलं की पुन्हा लगेच दार ठोठावत होती. त्या काही मिनिटांसाठी कंपनी वर्षभर मोठ्या सर्व्हरचं भाडं भरत आली होती. आता प्रत्येक यंत्र जोडणीआधी शून्य ते तीन मिनिटं, मनाला येईल तेवढं थांबतं. सगळ्यात लहान सर्व्हर पुरतो.

४. सर्टिफिकेटच्या मुदतीच्या तारखा लिहून ठेवा. ३० सप्टेंबर २०२१ला सर्टिफिकेट देणारी ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ज्यावर विसंबून होती, ते जुनं रूट सर्टिफिकेट संपलं, तेव्हा जगभरातली कितीतरी जुनी उपकरणं अडली.

५. वर्गणी मागा. पेबल स्मार्ट घड्याळांचे सर्व्हर ३० जून २०१८ला बंद झाले, तेव्हा ‘रेबल’च्या स्वयंसेवकांनी काम उचललं. मूळ सेवा फुकट. हवामान आणि आवाजावरून मजकूर लिहिणं यांचा खर्च त्यांच्यावर पडतो, म्हणून त्यासाठी त्यांनी महिना ३ डॉलर वर्गणी ठेवली. आम्हीही सोसायट्यांकडे शब्द टाकला. कुणी नाही म्हटलं नाही.

६. सर्व्हरविना चालेल अशी सोय करा. हे आधी करायला हवं होतं. गेल्या रविवारी एका गच्चीवर ती करून इंटरनेटची वायर काढून बघितलं. सोसायटीच्या वायफायवरच काकांच्या फोनवर पातळी दिसली. अजून बऱ्याच गच्च्या चढायच्या आहेत.