इंजिनाचा आराखडा आणि गणिती निवड

पावसाळ्याच्या आरंभी चामोर्शी तालुक्यातील बांध्यांमध्ये रोवणीची धांदल सुरू होते. पऱ्हे लावण्यापूर्वी बांधीची चिखलणी व्हावी लागते आणि आज हे काम बहुतांशी ट्रॅक्टरने होते. लोखंडी केज व्हील लावलेला ट्रॅक्टर चिखलातून फिरत असताना त्याच्या मालकाच्या तीन अपेक्षा असतात: डिझेल कमी लागावे, ओढ कमी पडू नये आणि काळा धूर निघू नये. या तिन्ही गोष्टी एकाच इंजिनाकडून पूर्णांशाने मिळत नाहीत. एक वाढविली की दुसरी घटते. त्यांचा मेळ कोठे घालावयाचा, याचा शोध घेणाऱ्या गणितास ‘इष्टतमीकरण’ असे नाव आहे. इंजिने आणि वाहने यांच्या आराखड्यात त्याचा उपयोग आता नित्याचा झाला आहे.

डिझेल इंजिनात प्रथम हवा दाबून तापविली जाते व नंतर तीत इंधनाचा सूक्ष्म फवारा सोडला जातो. फवारा किंचित लवकर सोडला, तर इंधनाची बचत होते, परंतु ज्वलनाचे तापमान वाढून नायट्रोजनची ऑक्साइडे अधिक निर्माण होतात. तो उशिरा सोडला, तर ही ऑक्साइडे कमी होतात, पण काजळी आणि इंधनाचा खर्च वाढतो. ही झाली केवळ एक राशी. फवाऱ्याचा दाब, त्याचे टप्पे, दोन टप्प्यांमधील अवकाश, आत येणाऱ्या हवेचा दाब, धुराड्यातून परत फिरविलेल्या वायूचे प्रमाण अशा इतर राशीही बदलता येतात आणि त्या परस्परांत गुंतलेल्या असतात.

पूर्वी अभियंते अनुभवाच्या आधारे एकेक राशी बदलून इंजिन चाचणीच्या चौथऱ्यावर चालवून पाहत. या पद्धतीस मर्यादा आहे. सहा राशींची प्रत्येकी दहा मूल्ये धरली, तरी दहा लक्ष जोड्या होतात. एका जोडीचे गणन संगणकाने एका तासात केले, असे मानले तरी सर्व तपासण्यास एकशे चौदा वर्षे लागतील. तेव्हा सर्व काही न तपासता चांगल्या जागी कसे पोचावे, हा खरा प्रश्न आहे.

फ्रेंच गणिती कोशी याने १८४७ साली यावर एक मार्ग सुचविला होता. दाट धुक्यात डोंगर उतरणारा मनुष्य पायाखालचा उतार चाचपून सर्वांत तीव्र उताराच्या दिशेने पाऊल टाकतो. गणितानेही तसेच करावे. पद्धत वेगवान आहे, पण तिच्यात एक धोका आहे. वाटेत एखादा खळगा लागला, तर त्यासच दरीचा तळ समजून वाटसरू तेथेच थांबतो. इंजिनाच्या गणितात असे खळगे पुष्कळ असतात.

दुसरा मार्ग निसर्गाकडून घेतलेला आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९७५ साली आपल्या ग्रंथात तो मांडला. त्याचे मर्म समजण्यास झाडीपट्टीतील वाचकास दूर जाण्याचे कारण नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली ‘पटेल ३’ जातीच्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करीत, त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावाने ओळखले जाणारे ‘एच.एम.टी.’ धान सिद्ध केले. संगणक आराखड्यांच्या बाबतीत याच जातीचे काम करतो. प्रथम काही आराखडे कसेही निवडले जातात. त्यांतील चांगले बियाण्यासारखे राखले जातात. पुढील पिढी त्यांच्यापासून तयार होते. भेद एवढाच की, खोब्रागडे यांचे काम निवडीचे होते, तर संगणक निवडीबरोबर दोन आराखड्यांचा संकरही करतो आणि मधूनमधून एखादा आकस्मिक बदल घडवितो. खळग्यातून बाहेर पडण्याची वाट त्यामुळे उघडी राहते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात या पद्धतीने अवजड वाहनाच्या डिझेल इंजिनाच्या सहा राशी एकाच वेळी शोधण्यात आल्या. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या कामात ऑक्साइडे, काजळी आणि इंधनखर्च ही तिन्ही मूळ इंजिनापेक्षा घटल्याचे दाखविण्यात आले, आणि त्यासाठी लक्षावधी नव्हे तर काही शे गणने पुरली. कानपूरच्या आय.आय.टी.तील कल्याणमय देब व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेली पद्धत आणखी एक पाऊल पुढे जाते. ती एकच उत्तर न देता उत्तरांची मालिका देते. मालिकेतील एक आराखडा डिझेल वाचवितो, दुसरा धूर कमी करतो. कोणताही सर्व बाबतींत दुसऱ्याहून सरस नसतो. त्यांतून निवड माणसानेच करावयाची असते.

मर्यादा कोण घालतो?

येथे शासनाचा संबंध येतो. गणितास उद्दिष्टाबरोबर मर्यादाही सांगाव्या लागतात आणि धुराच्या मर्यादा कायद्याने ठरतात. डिझेल मोटारगाडीसाठी भारत स्टेज ४ मध्ये नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा दर किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मध्ये ती ०.०८ ग्रॅम झाली. कणांची मर्यादा ०.०२५ वरून ०.००४५ ग्रॅमवर आली. या चाचण्या करणाऱ्या देशातील प्रमुख संस्थांपैकी एक, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, १९६६ पासून पुण्यात आहे.

मात्र मर्यादा जेथे मोजली जाते, तेथेच ती पाळली जाण्याची शक्यता असते. २०१५ साली अमेरिकेत उघडकीस आलेल्या फोक्सवॅगन प्रकरणात, गाडी चाचणीवर आहे की रस्त्यावर हे ओळखणारी आज्ञावली इंजिनात बसविलेली आढळली. चाचणीत धूर नियमात राहत असे, रस्त्यावर तो मर्यादेच्या कित्येक पट होई. तेथे हेतूच अप्रामाणिक होता. परंतु प्रामाणिक गणितही जी चाचणी पुढे ठेवली तिच्यापुरतेच उत्तर शोधते, हे ध्यानात घेतले पाहिजे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची अटही लागू झाली.

ट्रॅक्टरची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याची खरी कसोटी डांबरी रस्त्यावर लागत नाही. मध्यप्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या शक्तीबरोबर शेतातील कामाचीही चाचणी होते आणि तिच्या अहवालात नांगरणीप्रमाणे चिखलणीच्या वेळचा डिझेलखर्चही नमूद असतो. केज व्हील लावून पाण्याने भरलेल्या शेतात ट्रॅक्टर काही तास चालविल्यानंतर त्याचे भाग उघडून चिखल वा पाणी आत शिरले आहे काय, हे पाहिले जाते. चामोर्शीच्या बांधीत ट्रॅक्टर उतरविणाऱ्याने विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील अश्वशक्तीच्या आकड्याआधी अहवालातील हे पान वाचावे.