हरकतीची मुदत

महसूल खात्याच्या चाकरीत ज्याचे आयुष्य गेले त्याच्याकडे पेठ वडगावात लोक कोणतेही कागद वाचून घ्यायला येतात, आणि केवळ त्यामुळेच, एरवी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून जी गोष्ट दिराच्या कानी कधी आली नसती, ती माझ्या थोरल्या वहिनींनी एका फाइलीत घालून माझ्यासमोर ठेवली. कित्येक महिने त्यांच्या अंगावरून पांढरे जात होते, मधूनच लाल दिसे. एका खाजगी दवाखान्यात पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला, आणि ‘पिशवी काढली की कटकट मिटंल, भावजी, समद्या तसंच करत्यात,’ असे म्हणून त्यांनी ती काढूनही घेतली. वर्षाच्या आत रक्त पुन्हा सुरू झाले.

फाइलीत बिल होते, पथ्याचा कागद होता, टाके काढण्याची तारीख होती. मात्र शस्त्रक्रियेपूर्वी गर्भाशयाच्या मुखाची तपासणी केल्याचा एकही दाखला नव्हता, आणि काढलेला अवयव प्रयोगशाळेत पाठविल्याची नोंद जिथे असावी तो रकाना कोरा होता. कोल्हापुरात तुकडा काढून तपासला तेव्हा पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. तो आधीच ओळखला गेला असता तर त्याला अनुरूप अशी मोठी शस्त्रक्रिया किंवा थेट किरणोपचार करता आले असते. साध्या शस्त्रक्रियेने रोग मागे राहण्याचा धोका असतो आणि पुढील इलाज बिकट होतो, हे तज्ज्ञांनी समजावले. शेक, म्हणजे किरणोपचार, आणि त्याच्या जोडीला दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे औषध, ह्या दोहोंतून वहिनी निभावल्या. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने तिसऱ्या टप्प्याच्या 850 रुग्ण स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात नुसत्या शेकाने पाच वर्षांनी शंभरात 46, तर औषधाची जोड दिल्यास 54 जणी हयात आढळल्या; आठांचा हा फरक ज्याच्या घरात रोग शिरला आहे त्याला किरकोळ वाटत नाही.

तेव्हा पिशवी काढण्याची तारीख मुक्रर होण्याआधी तिच्या तोंडाची तपासणी झाली आहे काय हे विचारावे, काढलेला अवयव तपासणीस पाठविण्याचा आग्रह धरावा, आणि तो अहवाल सात-बाराइतक्याच जपणुकीने ठेवावा. डॉक्टरांना विचारणे म्हणजे उद्धटपणा, ही आपल्याकडील समजूत कुठून आली कोण जाणे!

ह्या रोगाचे मूळ पॅपिलोमा विषाणूत आहे हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन ह्यांनी दाखविले. 1983 साली सोळा क्रमांकाचा आणि 1984 साली अठरा क्रमांकाचा विषाणू त्यांच्या प्रयोगशाळेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शोधून काढला, आणि 2008 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जगातील अशा कर्करोगांपैकी सुमारे सत्तर टक्के ह्या दोघांच्याच माथी आहेत. संसर्ग बहुतेक स्त्रियांना केव्हा ना केव्हा होतो आणि वर्षा-दोन वर्षांत शरीर तो निपटूनही काढते, म्हणून त्यावरून कोणाच्या शीलाची चौकशी आरंभण्याचे कारण नाही. जो टिकून राहतो तो मात्र पुष्कळदा पेशीच्या मूळ दप्तरात आपले नाव घुसवितो. त्याचे ई-सहा हे प्रथिन पेशीच्या पी-त्रेपन्न ह्या पहारेकऱ्याचा नाश करते, ई-सात हे दुसऱ्या पहारेकऱ्याला जखडून टाकते, आणि बेबंद वाढीचा फेरफार कोणाच्या हरकतीवाचून मंजूर होतो. ह्या कारवाईस बहुधा दहा ते वीस वर्षे लागतात. आमच्या खात्यात हरकतीला पंधरा दिवस मिळत!

दहा-वीस वर्षांची ही मुदत कारणी लावता येते ह्याचा पुरावा आपल्याच मुलखात आहे. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि टाटा ह्यांनी 1999 पासून तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला; ज्या गावांत विषाणूची तपासणी अवघी एकदा झाली आणि दोष आढळला तिथे उपचार झाले, त्या गावांत ह्या कर्करोगाचे मृत्यू आठ वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांत तर प्रशिक्षित सेविकांनी गर्भाशयमुखास सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच, लावून पांढरा डाग उमटतो का एवढेच दर दोन वर्षांनी पाहिले, आणि मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. ‘मला काहीच होत नाही’ असे म्हणून माझी पुतणसून तपासणी टाळते. ह्या दोन्ही तपासण्या काहीच होत नसलेल्या बायकांसाठीच आहेत. पाळी गेल्यावर किंवा समागमानंतर रक्त दिसले, तर तपासणीच्या पाळीची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवावे.

शरीरात शिरलेल्या ह्या विषाणूचा नायनाट करील असे औषध अद्याप हाती आलेले नाही. ई-सहा आणि ई-सात ह्या प्रथिनांवरच रोख धरणाऱ्या उपचारक लसींचे प्रयोग चालू आहेत. बाजारात आहे ती प्रतिबंधक लस, 2023 पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचीही, आणि जुना संसर्ग ती हटवीत नाही. म्हणून ती नऊ ते चौदा वर्षांच्या मुलीला द्यावी, आणि बाकीचे विषाणूप्रकार उरतातच म्हणून त्याच मुलीची तिशीनंतर तपासणीही करावी.